भिंतीपलीकडचं गिऱ्हाईक

आमच्या साहेबांनी एका भिकाऱ्याकडून अर्ध्या तासाची सावली विकत घेतली, तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम आठवडा झाला होता.

बनारसच्या अहिल्याबाई घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर एक म्हातारा बसायचा. कुणा घाटियानं, म्हणजे घाटावरच्या पुरोहितानं, टाकून दिलेली बांबूची मोठी छत्री त्यानं डोक्यावर रोवली होती. जेठ महिन्याचं ऊन होतं, दगड तापले होते. आम्ही कुठल्याशा कामावरून परतत होतो. म्हाताऱ्यानं सवयीनं हात पुढे केला. साहेब थांबले, त्यांनी हात जोडले आणि आपल्या अकोल्याच्या हिंदीत विचारलं, "बाबाजी, आपके पास बेचनेको क्या है?"

म्हाताऱ्याला वाटलं, थट्टा चाललीय. "कुछ नहीं, मालिक."

"ऐसा कैसा? सोचिए."

म्हातारा खरंच विचार करायला लागला. कटोरा विकता येत नव्हता, तो रोजच्या कामाचा होता. आशीर्वाद देतो म्हणाला. त्यावर साहेबांनी विचारलं, तो लागला नाही तर परत घ्याल का? मग म्हाताऱ्यानं वर पाहिलं आणि जरा भीत भीतच म्हणाला, "छाया है."

साहेब खूश झाले. तरी त्यांनी घासाघीस केली. सावलीला एक भोक आहे, त्यातून ऊन येतं, हे त्यांनी म्हाताऱ्याला दाखवून दिलं. भाव ठरला. म्हातारा उठून उन्हात उभा राहिला, साहेब छत्रीखाली मांडी घालून बसले आणि मी दोघांच्या मध्ये पर्स डोक्यावर धरून उभी राहिले. एवढ्यात यात्रेकरूंची एक लांबलचक रांग वर आली. तिनं कुणाकडे नीट न बघता साहेबांच्या मांडीवर मूठमूठ तांदूळ टाकले. कुणी केळं ठेवलं. एका आजीबाईंनी त्यांच्या पायाला हात लावला. अर्धा तास संपल्यावर साहेबांनी ते सगळं रुमालात गोळा करून म्हाताऱ्याच्या हवाली केलं.

"मैंने सिर्फ छाया ली थी," ते म्हणाले. "दुकान आपकी है."

घरी आईला सांगितलं, तर तिनं विचारलं, "हा माणूस तुमचा साहेब आहे? मग बाकीचे कसे असतील गं?"

आमची नोकरी काय होती हे मला आईला कधीच नीट समजावता आलं नाही. आमचं घर ब्रह्माघाटाजवळ. पिढ्यान्‌पिढ्या पूजापाठ आणि शिकवण्या. मी घरातली पहिली दफ्तरात जाणारी. नव्वदीची मधली वर्षं होती ती. बाजार खुला झाला, बाजार खुला झाला, असं अखबारात रोज यायचं. आता सरकार, खाजगी कंपनी आणि परदेशी मदतसंस्था अशा तिघांनी मिळून गरिबी हटवायची ठरवली होती. गरिबाला अनुदान द्यायचं नाही, त्याला बाजारात आणायचं. बनारसमध्ये त्यासाठी पत्तल निवडली गेली. गंगेपलीकडच्या वस्तीतल्या बनवासी बायका पळसाच्या पानांच्या पत्तली आणि दोने, म्हणजे आपल्या पत्रावळी आणि द्रोण, लावत. मिठाई आणि नमकीन विकणारी एक मोठी कंपनी त्या आपल्या दुकानांसाठी घेणार, सरकार जागा आणि प्रशिक्षण देणार, परदेशी संस्था खर्च उचलणार. आमचे साहेब एका बँकेतून तीन वर्षांसाठी मागून आणलेले संयोजक, आणि मी टायपिस्ट. मला हिंदी, मराठी, इंग्रजी तिन्ही येत होतं, आणि वस्तीत बोलायला लागणारी भोजपुरी गल्लीनं शिकवली होती.

प्रकल्पाचं हिंदी नाव एवढं लांब होतं, की पेंटरनं पाटी रंगवताना ते आमच्या भिंतीवर संपेना. शेवटचे दोन शब्द कोपऱ्यावरून वळून शेजारच्या होमिओपॅथ डॉक्टरांच्या भिंतीवर गेले. महिनाभर त्यांच्याकडे लोक कर्ज मागायला येत आणि आमच्याकडे मूळव्याधीचं औषध. साहेब कुणालाही परत पाठवत नसत. मूळव्याधवाल्याला बसवून, तो काय धंदा करतो, त्याचा माल कोण घेतं, असं सगळं विचारून घेत. एक जण तर दर आठवड्याला यायला लागला. मूळव्याध तशीच होती, पण बोलून बरं वाटतं म्हणायचा.

साहेब दिसायला अगदी साधे. ठेंगणे, पन्नाशी ओलांडलेले, शर्टाच्या खिशात लाल पेन्सिल. जगातल्या प्रत्येकाला 'आप' म्हणायचे. गल्लीत सांड आडवा आला, तर त्यालाही "जरा सरकिए" म्हणत आणि तो सरकेपर्यंत थांबत. कधीकधी वीस वीस मिनिटं. बायको-मुलं अकोल्याला होती. इथं एका खोलीत एकटेच राहत. त्या खोलीत नऊ केरसुण्या, सात पंखे, तीन उखळं आणि लहान मुलांच्या लाकडी गाड्यांचा ढीग होता, कारण दारावर आलेल्या कुणाहीकडून ते काहीतरी घेतच. मात्र भाव केल्याशिवाय कधीच नाही.

"दया आली की माणूस भाव करत नाही," ते मला म्हणायचे. "आणि भाव केला नाही, की समोरचा दुकानदार उरत नाही, भिकारी होतो. आपण त्याला बरोबरीचा धरतो म्हणून भांडतो."

रिक्षावाल्यानं भाडं कमी सांगितलं, तर ते आधी त्याला वाढवायला लावत. 'एवढ्यात तुमचं पोट भरेल का?' इथून सुरुवात. तो गोंधळून वाढवी. मग ते खाली आणायला लागत. तोवर दुसरी सवारी येई आणि रिक्षावाला सुटका झाल्यासारखा तिला घेऊन पळे. आम्ही बहुतेक चालतच जायचो.

प्रकल्पाच्या कागदांवर त्या बायकांसाठी सगळीकडे 'लाभार्थी' असा शब्द होता. साहेबांनी पहिल्याच महिन्यात लाल पेन्सिलीनं तो पानोपानी खोडला आणि वर 'भागीदार' लिहिलं. मी सगळं पुन्हा टाईप केलं. पण साहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. भागीदार आहेत, तर समितीच्या बैठकीत त्यांची खुर्ची कुठाय, असं त्यांनी उपसंचालकांना विचारलं. उपसंचालक म्हणजे सरकारतर्फे आमच्या डोक्यावर बसवलेले अधिकारी. गोरेपान, चमेलीचं तेल लावणारे, कुठल्याही प्रश्नावर "देखते हैं" म्हणणारे. या प्रश्नावरही ते तेच म्हणाले. साहेबांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

पुढच्या बैठकीला साहेब फूलमतीला घेऊन आले. फूलमती त्या बायकांची म्होरकी. चाळिशीची असावी, तिला स्वतःलाच वय ठाऊक नव्हतं. चालणं ताठ, हाताच्या बोटांना पानांच्या चिकाचे काळे डाग. डोक्यावर पानांचा गठ्ठा होता, तो दाराबाहेर ठेवायला तिनं साफ नकार दिला. बाहेर सांड होता. साहेबांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. तिनं खुर्चीकडे पाहिलं, आपला गठ्ठा तिच्यावर नीट टेकवला आणि स्वतः खाली भिंतीशी बसली.

"फूलमतीजी, कुर्सीपे बैठिए."

"पतई बइठल बा न," ती म्हणाली. पानं बसलीयत ना, तेवढं पुरे.

भागीदार जमिनीवर आणि आपण वर, हे साहेबांना पटेना. तेही खाली बसले. साहेब बसले म्हणून मी बसले. कंपनीचा प्रतिनिधी टाय लावलेला तरुण होता, तोही शरमून कसाबसा टेकला. आता उपसंचालक एकटेच खुर्चीवर आणि त्यांच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर पळसाची पानं, असं दृश्य झालं. त्यांनी थोडा वेळ काढला. मग "कमर में दर्द है" म्हणत तेही उतरले. सबंध बैठक आम्ही जमिनीवर आणि पानं अध्यक्षस्थानी, अशी पार पडली. इतिवृत्तात साहेबांनी मला लिहायला लावलं: बैठक समान पातळीवर झाली.

मला त्या दिवशी एक गोष्ट पहिल्यांदा जाणवली. आमच्या घरी दरवर्षी श्राद्धपक्षाला, व्रताच्या उद्यापनाला ब्राह्मणभोजन याच पत्तलींवर व्हायचं. पण पत्तल आणणारी बाई पायरीखाली उभी राही आणि आई गठ्ठ्यावर पाणी शिंपडून तो आत घेई. मी आयुष्यात पहिल्यांदा तशा एका बाईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. घरी हे सांगितलं नाही.

कंपनीची अडचण मापाची होती. त्यांच्या मुख्य कचेरीतून पत्र आलं, की प्रत्येक पत्तल एकाच घेराची, एकाच रंगाची पाहिजे, आणि बारा महिने तशीच मिळाली पाहिजे. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. मग प्रतिनिधीला आणि मला जीपमध्ये घालून चकियाच्या जंगलात नेलं. फूलमती वाट दाखवायला पुढे. एका मोठ्या पळसासमोर साहेब उभे राहिले, त्यांनी चष्मा चढवला आणि ते पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं झाडाला वाचून दाखवलं. 'भवदीय'सकट. मग घडी घालून खिशात ठेवलं आणि उत्तराची वाट बघितल्यासारखे थांबले. प्रतिनिधी आधी हसला, मग त्याच्या पॅंटीत मुंग्या शिरल्या. फूलमती मात्र गंभीर होती. ती पुढे झाली, झाडाला हात लावून म्हणाली, "ई त ना मानी, साहेब." हा काही ऐकायचा नाही.

"तुम्हाला मुख्य कचेरीला हेच कळवायचंय," साहेब प्रतिनिधीला म्हणाले. "पुरवठादारानं असमर्थता व्यक्त केली."

प्रतिनिधी भला पोरगा होता. त्यानं खरंच तसं कळवलं. महिन्याभरानं कचेरीकडून पुन्हा पत्र आलं: पुरवठादार बदला.

तरीही कराराची बोलणी मोडली नाहीत, कारण तोवर कुणीतरी ठरवलं होतं, की दिल्लीहून आणि परदेशातून पाहुणे प्रकल्प बघायला येणार. त्यांनी पसंती दिली तर कंपनी सही करणार. मग काय विचारता! उपसंचालकांनी 'आदर्श बाजार' भरवायचं ठरवलं. गोदौलिया चौकाच्या अलीकडे एका शाळेचं मैदान घेतलं. कनाती, सतरंज्या, झेंडूच्या माळा. सात बायकांनी आठ दिवस खपून माल तयार केला. त्या आठ दिवसांत त्यांनी रोजच्या हलवायांना 'ना' सांगितलं. फूलमतीनं मला सांगितलं, की माल विकला गेला नाही तर आठ दिवसांची चूल उधारीवर आहे आणि ऊन लागलं की संध्याकाळपर्यंत पान वळतं. मग त्याला बकरीही विचारत नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो, तर मैदानाच्या दारावर पोलिस. पाहुण्यांच्या सुरक्षेसाठी सामान्य जनतेला मज्जाव. "मग गिऱ्हाईक?" साहेबांनी विचारलं. उपसंचालकांनी अभिमानानं एक यादी काढली. गिऱ्हाइकांची व्यवस्था झाली होती. सिंचाई म्हणजे पाटबंधारे, शिक्षा म्हणजे शिक्षण, शिवाय वन आणि मत्स्यपालन विभागातून कर्मचारी मागवले होते. प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला: 'ग्राहक'. ते सगळे साडेनवाला हजर होऊन सही करून बसले होते. पुरुष ग्राहक डावीकडे, महिला ग्राहक उजवीकडे.

साहेबांना क्षणभर बरं वाटलं. ते सिंचाईवाल्या एका ग्राहकाला हाताला धरून फूलमतीच्या सतरंजीपाशी घेऊन आले. "देखिए, भाव कीजिए."

"हम देखने आए हैं," तो म्हणाला.

"खरेदी?"

"उसका आदेश नहीं है."

खरंच नव्हतं. ते सरकारी कामावर होते. कामाच्या वेळेत वैयक्तिक खरेदी करता येत नव्हती, आणि सरकारी खरेदीला मंजुरी लागत होती. साहेब एकेका ग्राहकाकडे जाऊन आले. वनविभागाच्या एका बाईंनी एक दोना हातात घेतला, उलटापालटा केला, 'छान आहे' म्हणाल्या आणि परत ठेवला. शेजारच्या यादीवाल्या माणसानं लगेच त्यांच्या नावापुढे खूण केली.

फूलमतीनं मला खुणेनं जवळ बोलावलं. "बहिनी, ई लोग खाली देखत बा?" नुसतं बघतायत?

मी तिच्या सतरंजीवरचे दोने उगाच सरळ करायला लागले.

पाहुणे अकराला येणार होते, साडेअकरा झाले. तेवढ्यात मैदानाच्या मागच्या भिंतीपलीकडून कुणीतरी शुद्ध मराठीत माझ्या नावानं ओरडायला लागलं. मी धावले. भिंत पुरुषभर उंच. शाळेच्या मोडक्या बाकावर चढून पलीकडे डोकावले, तर खाली गल्लीत घामाघूम झालेला एक माणूस, धोतर खोचलेलं, हातात झारा. एका यात्रा मंडळाचा आचारी होता तो. नाशिककडून यात्रेकरू आले होते आणि अहिल्याबाई घाटावरच्या धर्मशाळेत दुपारी एक वाजता सहस्रभोजन होतं. पत्रावळींचे गठ्ठे गल्लीत उतरवले आणि हे लोक वांगी चिरत बसले, तोवर सांडानं निम्मे खाल्ले आणि उरलेल्यांवर तो बसला. मराठी माणूस म्हणून कुणीतरी त्याला आमच्या घरी पाठवलं; आईनं सांगितलं, "माझी मुलगी तिकडे मैदानात पत्तलींच्या ढिगात बसलीय, तिला विचारा." पुढच्या दारानं पोलिस सोडेनात. बिल्ला नव्हता.

"ताई, हजार पत्रावळी, दोन हजार द्रोण! आत्ता! भात झालाय!"

मी पळत जाऊन साहेबांना सांगितलं. त्यांचा चेहरा असा झाला, की काय सांगू. घरात पहिलं मूल रडल्याचं ऐकल्यावर माणसाचा होतो तसा. ते तडक उपसंचालकांकडे गेले.

"महोदय, ग्राहक आया है."

"ग्राहक तो सब आ गए," उपसंचालक यादी बघत म्हणाले.

"असली है. दीवार के उस तरफ खडा है."

उपसंचालकांनी समजावणीच्या सुरात सांगितलं, की माल प्रदर्शनासाठी आहे. पाहुणे आल्यावर सतरंज्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत. विक्री चारनंतर. त्याला चारनंतर यायला सांगा.

"त्याचा भात झालाय," साहेब मराठीतच म्हणाले आणि वळले.

मला वाटलं, आता ते स्वतःच काहीतरी करतील. पण ते फूलमतीसमोर उकिडवे बसले आणि तिला सगळं नीट सांगितलं. आता माल दिला, तर पाहुण्यांना रिकाम्या सतरंज्या दिसतील आणि कंपनीचा करार बहुतेक जाईल. नाही दिला, तर करार होईलही. झाला तर वर्षानुवर्षं काम. "आप भागीदार हैं. आप बोलिए."

बाकीच्या सहा जणी जवळ सरकल्या. फूलमतीनं विचारलं, कंपनीनं आजवर किती पत्तली घेतल्या?

"एकभी नहीं."

"आ ऊ देवाल के पार वाला?" आणि तो भिंतीपलीकडचा?

"हजार. और दोना दो हजार. अभी."

फूलमतीनं पदर कमरेला खोचला आणि गठ्ठा उचलला.

पुढच्या दारानं माल बाहेर न्यायला पास लागत होता. म्हणून भिंत. मोडका बाक भिंतीला लावला. साहेबांनी चपला काढल्या आणि त्या वयात, त्या पोटासकट, भिंतीवर चढून घोड्यावर बसावं तसे बसले. बायकांनी साखळी धरली. पहिला गठ्ठा वर गेला, साहेबांनी तो दोन्ही हातांनी पकडला आणि तसाच धरून ठेवला.

"भाव?" ते म्हणाले.

"अहो साहेब, भात!" आचारी खालून ओरडला.

"भाव ठरल्याशिवाय माल हलणार नाही. यांच्याशी बोला."

आचाऱ्याला भोजपुरी येत नव्हती, फूलमतीला मराठी. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. मी बाकावर चढले आणि भिंतीवर हनुवटी टेकवून दुभाषी झाले. आचारी म्हणाला, इतका माल एकदम घेतोय, भाव पाडा. मी खाली सांगितलं. फूलमती म्हणाली, "कहि द, साँड़ के खियावे से पहिले आवत त सस्ता देतीं." मी पलीकडे तोंड करून सांगितलं, "त्या म्हणतात, सांडाला जेवू घालायच्या आधी आला असतात तर स्वस्त दिल्या असत्या." पलीकडे आचारी हसायला लागला. त्या हसण्याचं भाषांतर मी खाली सांगितलं नाही, पण ते भिंतीवरून ऐकू आलंच, आणि फूलमतीही हसली. भाव ठरला. साहेबांनी मान डोलावली आणि पहिला गठ्ठा खाली सोडला.

मग जो सपाटा लागला! गठ्ठ्यामागून गठ्ठा. सिंचाईवाल्या ग्राहकाला काय वाटलं कोण जाणे, तो बिल्ला काढून खिशात टाकून साखळीत उभा राहिला. त्याच्यामागे मत्स्यपालनवाले दोघे. शेवटचा दोन्यांचा गठ्ठा साहेबांच्या मांडीवर असताना मागून मोटारींचे आवाज आले.

पाहुणे पाच होते. उपसंचालक त्यांना घेऊन पुढे, आणि समोर सात रिकाम्या सतरंज्या. एका उंच, पांढऱ्या केसांच्या परदेशी बाईंनी भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, ते काय आहे? उपसंचालक म्हणाले, "दॅट इज वॉल, मॅडम."

भिंतीवरून साहेबांनी हात हलवला. "मॅडम, दिस इज द मार्केट!" एवढं बोलून शेवटचा गठ्ठा पलीकडे टाकला. बाईंनी फोटो काढला.

पाहुण्यांचा अहवाल आला. बाजारात माल उपलब्ध नव्हता. स्थानिक महिलांची तयारी अपुरी वाटली. सोबत तो फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं: श्रमदानातून शाळेच्या भिंतीची दुरुस्ती करताना स्थानिक महिला. कंपनीनं थर्माकोलच्या ताटल्या घेतल्या. प्रकल्प आवरता घ्यायचं ठरलं. आणि उपसंचालकांनी साहेबांना लेखी विचारलं, की प्रदर्शनाचा माल आपण भिंतीवरून का टाकलात, तीन दिवसांत खुलासा करा.

मी घाबरले होते. साहेबांची बँकेतली नोकरी पंचवीस वर्षांची. नावावर ठपका येऊ नये म्हणून मी स्वतःच तीन पानी खुलासा तयार केला. त्यात धर्मकार्य होतं, यात्रेकरूंची गैरसोय होती, सांडही होता. साहेबांनी तो आदरानं वाचला, शुद्धलेखनाची एक चूक सुधारली आणि तिन्ही पानांवर आडवी रेघ मारली. मग मला एका ओळीचा खुलासा टाईप करायला सांगितलं: ग्राहक भिंतीच्या पलीकडे होता.

ती ओळ टाईप करताना माझे डोळे भरून आले आणि हसूही येत होतं. सही करून त्यांनी विचारलं, "ठीक आहे ना? अजून काही राहिलं का?" मी म्हटलं, नाही.

ठपका आला. बढती थांबली आणि त्यांना विदर्भातल्या कुठल्याशा आडगावच्या शाखेत परत बोलावलं.

बायकांचं मात्र वेगळंच झालं. त्या आचाऱ्यानं आपल्या जातीच्या, म्हणजे आचाऱ्यांच्या, सगळ्या जमातीला भिंतीची गोष्ट सांगितली. मंडळामागून मंडळ विचारत यायला लागलं, पत्रावळी लावणाऱ्या फूलमतीबाई कुठे भेटतील? माप कुणी विचारत नव्हतं. चार महिन्यांत फूलमती आणि तिची जाऊ घाटाच्या तोंडाशी गल्लीत बसायला लागल्या. मराठीत आकडे शिकल्या. आमच्या आईशी थेट सौदा करू लागल्या. आई बदलली, असं मी म्हणणार नाही. पण एकदा भर उन्हात फूलमती न विचारता आमच्या ओट्यावर, आईच्या शेजारी बसली. आई डाळ निवडत होती. तिनं एकदा बाजूला पाहिलं आणि सूप जरासं आपल्याकडे ओढून जागा केली.

साहेब निघाले तो दिवस कार्तिकातला. सकाळची गाडी. कॅंटोन्मेंट स्टेशनवर पोचवायला मी, मूळव्याधवाले गृहस्थ आणि सिंचाई विभागाचा तो माणूस, एवढेच. साहेबांनी खिडकीची जागा धरली होती. गाडी सुटायला पाच मिनिटं उरली तरी ते पुलाच्या जिन्याकडे बघत होते. मला कळत होतं, कुणाला शोधतायत. मीच आदल्या दिवशी फूलमतीला गाडीची वेळ सांगून आले होते आणि ती नक्की येते म्हणाली होती.

शेवटी त्यांनीच विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं. "फूलमतीजी येणार होत्या ना?"

मला सांगणं जड गेलं. "साहेब, त्यांना पहाटेच निरोप आला. इंदूरची दोन मंडळं एकदम आलीयत. दोन्हींकडे आज पंगती आहेत. सातही जणी तिकडेच गेल्या. म्हणाल्या, साहेबांना सांगा, आज फुरसत नाही."

साहेब काही क्षण माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, वाईट वाटलं त्यांना. मग त्यांचा चेहरा असा काही फुलत गेला, की मला तिथं प्लॅटफॉर्मवर काय करावं कळेना. गाडी हलली. त्यांनी समोरच्या बाकावरच्या अनोळखी माणसाच्या गुडघ्यावर थाप मारली. तो बिचारा पुरी-भाजी खात होता.

"सुना आपने?" साहेब त्याला सांगत होते, आणि गाडी वेग घेईपर्यंत मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. "उनको फुरसत नहीं है! सातों को! फुरसतही नहीं है!"